एका मलमाचा इतिहास



इतिहासाच्या माणसाने मुरुमांवर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांनाही आले होते. इतिहास म्हटला की लढाया, तह, सनावळ्या आणि फार तर एखाद्या घराण्याची बखर, एवढेच ऐकायची आपल्या कानांना सवय आहे. परंतु घरात रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंनाही पूर्वज असतात, आणि त्यांची कुळकथा कधीकधी राजघराण्याच्या कुळकथेहून अधिक बोलकी निघते. आज मी जिची कुळकथा सांगणार आहे ती वस्तू अंगठ्याएवढी आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी, मुरुमांवर लावायच्या मलमाची ती एक लहानशी ट्यूब.

ही ट्यूब माझ्या हाती आली ती अशी. माझी एक नात कॉलेजात शिकते. तिच्या गालांवर आणि कपाळावर मुरूम उठले. वडीलधाऱ्यांनी सांगितलेले हळद, चंदन, मुलतानी माती हे सगळे करून झाले. शेवटी ती त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी मलम लिहून दिले. तीन आठवड्यांनी पाहतो तो पोरीचे तोंड लाल, ओठांच्या कडेची कातडी सोललेली आणि मुरूम पूर्वीपेक्षा जास्त! "आजोबा, या औषधानं माझं होतं ते तोंडही घालवलं," असे म्हणून तिने ट्यूब केराच्या टोपलीत टाकली. मी ती उचलली. जुने कागद उचलायची माझी खोड सर्वांना ठाऊक आहेच. ट्यूबच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद होता. अक्षर इतके बारीक की भिंग घ्यावे लागले. त्यात लिहिले होते की पहिल्या काही आठवड्यांत मुरूम वाढल्यासारखे दिसतील, आग होईल, कातडी सुटेल. तरी औषध थांबवू नये. गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात.

म्हणजे माझ्या नातीचा अनुभव तिच्या जन्माच्या कितीतरी आधी कोणीतरी घेऊन ठेवला होता! तो कोणी घेतला, हा प्रश्न मला पडला आणि आजचे व्याख्यान त्यातून निघाले.

प्रथम रोगाविषयी थोडे सांगतो. मुरूम ही काही आधुनिक काळाची देणगी नव्हे. सुश्रुताने क्षुद्ररोगांत 'मुखदूषिका' सांगितली आहे. तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या या पुळ्यांना त्याने सावरीच्या काट्यांची उपमा दिली. ज्याने सावरीचे खोड जवळून पाहिले असेल त्याला ही उपमा किती नेमकी आहे हे सांगायला नको. वेखंड, लोध्र, धणे यांचे लेप पुढच्या वैद्यकग्रंथांतून येतात. लेप लावावा, वाट पाहावी आणि वय सरले की मुरूमही सरतील असे समजावे, हा व्यवहार जगभर शतकानुशतके चालला.

खरा प्रकार असा असतो. केसाच्या मुळाशी जी बारीक नळी असते, तिच्या आतल्या अस्तराच्या पेशी रोज झडून बाहेर पडायच्या असतात. वयात येताना तैलग्रंथी जोरात चालू लागतात, त्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात आणि नळीच्या तोंडाशी बूच बसते. आत तेल साठते, जंतू वाढतात, सूज येते. बूच कसे सोडवायचे, हाच काय तो प्रश्न. साबणाने तोंड कितीही घासले तरी बूच आत असल्यामुळे त्याला धक्का लागत नाही. माझ्या पिढीच्या मुलांनी तोंडे घासघासून सोलवटून घेतली, ती फुकट गेली.

या बुचाची किल्ली सापडली ती भलत्याच ठिकाणी. 1913 साली अमेरिकेत मॅकॉलम आणि दुसरीकडे ऑसबॉर्न व मेंडेल यांना असे दिसले की लोण्यात आणि काही चरब्यांत उंदरांच्या वाढीला आवश्यक असे काहीतरी असते. त्यालाच पुढे 'अ' जीवनसत्त्व हे नाव मिळाले. 1925 साली वुलबाक आणि हाउ यांनी दाखवून दिले की ते न मिळालेल्या उंदरांच्या शरीरातली मऊ ओलसर अस्तरे कोरडी आणि शिंगासारखी कठीण होतात. पुढे 1931 साली पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात फ्रेझियर आणि हू यांनी आणि 1933 साली सिलोनमध्ये निकल्स यांनी माणसांतही तेच पाहिले. निकृष्ट अन्नावर राहणाऱ्यांच्या दंडांवर, मांड्यांवर केसांच्या मुळाशी टोचणारे कठीण खडे येत. निकल्स यांनी या रोगाला जे ग्रीक नाव दिले त्याचा अर्थ 'भेकाची कातडी' असा आहे. खडे म्हणजे पुन्हा बूचच. 'अ' जीवनसत्त्व नसेल तर बूच बसते. मग ते भरपूर दिले तर मुरुमाचे बूच सुटेल काय?

हा विचार ओरेगन राज्यातल्या अॅस्टोरिया गावच्या स्ट्रॉमफ्योर्ड नावाच्या डॉक्टरने करून पाहिला. 1943 साली त्याने 100 रोग्यांना रोज 1,00,000 युनिट 'अ' जीवनसत्त्व पोटात दिल्याचे प्रसिद्ध केले. गुण आला असे त्याने लिहिले. पण एवढी मात्रा म्हणजे विस्तवाशी खेळ. त्याच 1943 साली रोडाल आणि मूर यांनी उत्तर ध्रुवाकडचे एक जुने कोडे सोडवले होते. पांढऱ्या अस्वलाचे काळीज खाल्ले की माणसे आजारी पडतात, डोके फुटायची वेळ येते आणि अंगाची कातडी सोलून निघते, ते त्यातल्या 'अ' जीवनसत्त्वाच्या अतिरेकामुळे. तेव्हा मुरुमांसाठी औषध पोटात घेण्याऐवजी नुसते तोंडावर लावता येईल का, हे पाहणे ओघानेच आले. 1946 साली हॉलंडमध्ये आरेन्स आणि व्हान डॉर्प यांनी या जीवनसत्त्वाचे आम्ल प्रयोगशाळेत तयार केले. 1962 साली पश्चिम जर्मनीत श्ट्युटगेन यांनी ते कातडीच्या कठीण होणाऱ्या रोगांवर बाहेरून लावून पाहिले. उपयोग झाला, पण आगही फार झाली. पुष्कळांना वाटले की एवढी आग करणारे औषध कोण लावणार?

येथे आपल्या कथेचा नायक रंगमंचावर येतो. त्याला नायक म्हणावे की दुसरे काही, हे आपण ऐकल्यावर ठरवावे. अल्बर्ट क्लिगमन हा 1916 साली फिलाडेल्फियात रशियातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबात जन्मला. शिकला वनस्पतिशास्त्र, बुरशी हा त्याचा विषय. 1942 साली पेन्सिल्व्हानिया विद्यापीठाची डॉक्टरेट, मग वैद्यकाची पदवी 1947 साली. हे साल ध्यानात ठेवा. त्याच साली न्यूरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांचा निकाल लागला आणि माणसांवरील प्रयोगांचे दहा नियम त्या निकालपत्रात घातले गेले. त्यांतला पहिलाच नियम असा की ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याची मोकळी, समजून दिलेली संमती हवीच हवी. त्या खटल्यात आरोपींच्या वकिलांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातील कैद्यांवर झालेल्या मलेरियाच्या प्रयोगांकडे बोट दाखवले होते. विजेत्यांच्या डॉक्टरांनी नियम वाचले, माना डोलावल्या आणि ते नियम रानटी लोकांसाठी आहेत असे समजून पुढे चालू लागले. हा माझा आरोप नव्हे, पुढची पंचवीस वर्षे त्याला साक्ष आहेत.

फिलाडेल्फियात होम्सबर्ग नावाचा तुरुंग होता. 1896 साली उघडला. चाकाच्या आऱ्यांसारख्या कोठड्यांच्या रांगा. 1951 साली तेथे पायांच्या बुरशीची साथ आली म्हणून बुरशीचा जाणकार क्लिगमन यास बोलावणे गेले. पुढे 1966 साली त्याने एका वर्तमानपत्राच्या बातमीदाराला स्वतःच सांगितले की आत शिरताच आपल्याला एकरच्या एकर कातडी दिसली, आणि सुपीक शेत प्रथमच पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखे वाटले. शेतकऱ्यांच्या मुलखात मी हे सांगतो आहे. शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो, हे त्या गृहस्थाला ठाऊक नसावे.

1951 ते 1974 अशी तेवीस वर्षे त्या शेतात पीक काढले गेले. साबण, शांपू, अत्तरे, पावडरी, औषधे. कंपन्यांनी पैसे द्यावेत आणि कैद्यांनी पाठी द्याव्यात. पाठीवर चौकोन आखून पट्ट्या चिकटवीत, दिव्याखाली कातडी भाजीत, कातडीचे तुकडे काढून तपाशीत. कैद्यांपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. त्यांतल्या पुष्कळांचा गुन्हाही अजून शाबीत झाला नव्हता. जामिनाला पैसे नाहीत म्हणून ते आत होते. तुरुंगातल्या साध्या कामाला दिवसाकाठी काही सेंट मिळत, आणि पाठ दिली तर डॉलर मिळत. सही प्रत्येकाची घेतलेली असे. परंतु जामिनाच्या पैशासाठी अडलेल्या माणसाची सही आणि मोकळ्या माणसाची सही एकाच शाईने लिहिली म्हणून एक होत नाही. आपल्याकडच्या सावकारी खतांवरचे अंगठे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यावर भाष्य नको.

याच काळात क्लिगमनने जर्मनांनी जवळजवळ सोडून दिलेले ते आम्ल उचलले. त्याची बुद्धी येथे चमकली, हे मान्य केलेच पाहिजे. इतरांना आग हा औषधाचा दोष वाटला. त्याला ती औषध काम करीत असल्याची खूण वाटली. आग होते, कातडी सुटते, पहिल्या काही आठवड्यांत आत दडलेले बूच वर येते म्हणून मुरूम वाढल्यासारखे दिसतात, आणि धीर धरला तर नळ्या मोकळ्या होतात. फुल्टन आणि प्लेविग या सहकाऱ्यांसह त्याने 1969 साली हा शोध प्रसिद्ध केला. 1971 साली अमेरिकन सरकारच्या औषधखात्याने 'रेटिन-ए' या नावाने त्याला परवानगी दिली. होम्सबर्गच्या कैद्यांच्या कातडीवर या औषधाच्याही चाचण्या झालेल्या आहेत. माझ्या नातीच्या खोक्यातल्या कागदावर "पहिल्या काही आठवड्यांत वाढेल, मग उतरेल" असे जे शांतपणे छापले आहे, ते कळायला आधी कोणाची तरी कातडी जळावी लागली.

मी हे नातीला सांगितले. ती म्हणाली, "त्यांना मध्येच थांबवता येत होतं का, मी थांबवलं तसं?" तीन आठवड्यांनी ट्यूब फेकून देण्याची मुभा हीच मोकळ्या रोग्याची खरी संमती, हे इतक्या वर्षांच्या वाचनात मला सुचले नव्हते.

त्याच 1969 साली याच तिघांनी चॉकलेटवरचा प्रयोग छापला. 65 जणांना, ज्यांत तुरुंगातले कैदीही होते, नेहमीच्या दसपट चॉकलेट असलेली वडी किंवा तशीच दिसणारी बिनचॉकलेटची वडी दिली, आणि चॉकलेटचा मुरुमांशी संबंध नाही असा निर्वाळा दिला. पैसे चॉकलेट कारखानदारांच्या संघाचे होते. पोरांना हा निर्वाळा अर्थातच आवडला. पण बिनचॉकलेटच्या वडीतही साखर आणि चरबी भरपूर होती, ही फट टीकाकारांनी पुढे दाखवली.

आणि आता जे सांगणार आहे ते ऐकायला कठीण आहे. 1965-66 साली डाउ केमिकल या कंपनीच्या पैशाने त्याच तुरुंगात सुमारे 70 कैद्यांना डायॉक्सिन लावण्यात आले. हे विष कारखान्यातल्या कामगारांच्या अंगावर मुरूम उठवते असे कळले होते. किती लावले म्हणजे उठतात, ते पाहायचे होते. ठरलेल्या मात्रेने काही उठेना, तेव्हा क्लिगमनने 10 कैद्यांना ठरल्याच्या 468 पट विष लावले. आठ जणांना उठले, आणि महिनोन् महिने राहिले. एका तुरुंगात एकाच दशकात एकाच माणसाच्या हाताखाली मुरूम बरेही होत होते आणि मुद्दाम उठवलेही जात होते. दोन्ही कामांना लागणारी कातडी त्याच कोठड्यांतून येत होती.

कोणाच्या लक्षात आले नाही, असे नाही. 1966 साली औषधखात्याने क्लिगमनच्या नोंदींत गोंधळ आहे म्हणून त्याला औषधांच्या चाचण्या करण्यास मनाई केली. ती जेमतेम महिनाभर टिकली. 1973 साली सेनेटपुढे सुनावण्या झाल्या आणि 1974 साली होम्सबर्गचा कारखाना बंद पडला.

मलमाचे भाग्य मात्र उजळतच गेले. 1988 साली मिशिगनच्या डॉक्टरांनी 30 जणांवर सोळा आठवडे पाहून लिहिले की उन्हाने सुरकुतलेली कातडी या औषधाने काहीशी सुधारते. झाले! आतापर्यंत पोरांचे असलेले औषध आयांनी आणि आज्यांनी मागायला सुरुवात केली. हे औषध पेशीच्या आत नक्की कोठे जाऊन बसते, ते 1987 साली फ्रान्समध्ये शांबाँ आणि अमेरिकेत इव्हान्स यांच्या प्रयोगशाळांनी दाखवले. म्हणजे ते बाजारात येऊन सोळा वर्षे झाल्यावर. अडाप्लीन नावाचे त्याचे सौम्य भावंड 1996 साली तेथे चिठ्ठीवर आले आणि 2016 साली बिनचिठ्ठीचे झाले.

या घराण्याची एक शाखा आपल्या गल्लीतही पोचली आहे, म्हणून थोडा वेळ घेतो. 1975 साली क्लिगमन आणि विलिस यांनी काळे डाग घालवण्यासाठी तीन द्रव्यांचे एक मिश्रण सांगितले: हेच आम्ल, हायड्रोक्विनोन आणि एक स्टेरॉइड. डॉक्टरच्या नजरेखाली, थोड्या दिवसांसाठी लावायचे औषध. आपल्याकडे त्याच धर्तीची मिश्रणे दुकानांत खुशाल मिळू लागली आणि गोरेपणाच्या हौसेने तोंडावर महिनोन् महिने थापली जाऊ लागली. पहिल्या आठवड्यात तोंड उजळते. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, ऊन सोसत नाही. लावणे थांबवले की आग होते म्हणून पुन्हा लावावेच लागते. आणि गंमत अशी की स्टेरॉइडमुळे मुरूमही येतात. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतातल्या निरनिराळ्या शहरांतील त्वचारोगतज्ज्ञांनी तोंडाच्या तक्रारी घेऊन आलेले 2,926 रोगी तपासले. त्यांतले 433 जण अशी स्टेरॉइडची मलमे लावीत होते. निम्म्याहून अधिक जणांना ती डॉक्टरने सुचवलेलीच नव्हती. शेजारणीने, दुकानदाराने, न्हाव्याने सुचवलेली. गोरेपणा आणि मुरूम ही त्यांची मोठी कारणे होती. 2018 साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. अधिसूचना निघाली, पण कोपऱ्यावरच्या दुकानात ती किती वाचली गेली, हे आपण या सभेतून घरी जाताना सहज पाहू शकाल.

आमच्या घरी काय झाले तेही सांगून टाकतो. नात पुन्हा डॉक्टरांकडे गेली. चूक तिचीच निघाली: वाटाण्याएवढे मलम साऱ्या तोंडाला पुरते, ती बोटभर घेत होती; तोंड कोरडे होऊ न देता लावीत होती; आणि दिवसा टोपी-छत्रीशिवाय उन्हातून कॉलेजला जात होती. आता एका रात्रीआड, थोडे, आणि सकाळी उन्हापासून रक्षण करणारे मलम. गरोदरपणी हे औषध वापरू नये, हेही त्यांनी या वेळी बजावून सांगितले. अकराव्या आठवड्यात कपाळ स्वच्छ झाले. गालांवर अजून थोडे आहेत.

पुन्हा फिलाडेल्फियाकडे वळतो. 1971 साली अॅलन हॉर्नब्लम नावाचा तरुण होम्सबर्गमध्ये कैद्यांना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी गेला. पहिल्याच दिवशी त्याला दिसले की कित्येक कैद्यांच्या अंगावर पट्ट्या आणि चिकटपट्ट्या आहेत. मारामारी झाली की काय, म्हणून त्याने विचारले. उत्तर मिळाले, विद्यापीठाची अत्तरे तपासताहेत. ते चित्र त्याच्या डोक्यातून गेले नाही. 1998 साली त्याने 'एकर्स ऑफ स्किन' हे पुस्तक लिहिले. नाव क्लिगमनच्याच उद्गारावरून घेतलेले. मग म्हातारे झालेले कैदी बोलू लागले. 2000 साली जवळजवळ 300 जणांनी दावा लावला. मुदत टळली म्हणून तो फेटाळला गेला. क्लिगमनचे म्हणणे शेवटपर्यंत एकच राहिले: तेव्हाची रीतच तशी होती आणि कोणाचे कायमचे नुकसान झालेले नाही. 2010 साली तो वारला. तो उत्तम शिक्षक होता, त्याचे विद्यार्थी त्याला मानीत, हेही खरे आहे. आणि त्याच्या औषधाने लाखो तरुण तोंडांना डागांपासून वाचवले हेही खरे आहे. मी दोन्ही पारडी आपल्यापुढे ठेवली आहेत. माझ्यापुरते सांगायचे तर, तेव्हाची रीत होती, ही सबब 1947 नंतर डॉक्टर झालेल्या माणसाच्या तोंडी मला शोभत नाही.

2021 साली विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने आणि 2022 साली फिलाडेल्फिया शहराने क्षमा मागितली. तेव्हा त्या कैद्यांपैकी थोडेच हयात होते. इतिहासाचा माणूस अशा वेळी दफ्तर मागतो: कोणाच्या पाठीवर काय लावले, किती दिवस, मग काय झाले. तेही मिळत नाही. प्रयोग बंद झाले तेव्हा क्लिगमनच्या कचेरीतल्या नोंदी नष्ट करण्यात आल्या. मलमाचा दर आठवड्याचा परिणाम खोक्यातल्या कागदावर आजही वाचायला मिळतो. ज्यांच्या अंगावर तो आधी पाहिला, त्यांच्यापैकी पुष्कळांना आपल्याला नेमके काय लावले होते हे मरेपर्यंत कळले नाही.